शर्यतीच्या घोड्यांचे कल्याण

शर्यतीसाठी पैदा केलेल्या घोड्यास जन्मापासून मृत्यूपर्यंत पुरेसे अन्नपाणी, निवारा, औषधोपचार, हालचालीस वाव व स्वजातीयांचा सहवास मिळावा आणि टाळता येण्याजोग्या वेदना त्याच्या वाट्यास येऊ नयेत, यासाठी केलेली व्यवस्था. घोड्याचे नैसर्गिक आयुर्मान २५ ते ३० वर्षांचे असते. शर्यतीतील त्याची कारकीर्द मात्र दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस सुरू होऊन बहुधा काही थोड्या वर्षांत संपते. त्यामुळे या विषयाचे शर्यतीपूर्वीचा काळ, शर्यतीचा काळ व निवृत्तीनंतरचा काळ असे तीन भाग पडतात. पहिल्या दोहोंसाठी नियम, नोंदी व वैद्यकीय सोयी क्रमाने वाढत गेल्या. तिसरा काळ सर्वांत दीर्घ असूनही त्याची व्यवस्था मुख्यतः मालकाच्या इच्छेवर व ऐपतीवर अवलंबून राहिली. हे तिन्ही काळ महाराष्ट्रात पुणे जिल्ह्याइतके एकत्र क्वचितच आढळतात. कारण पैदास केंद्रे, शर्यतीचे मैदान आणि निवृत्त घोड्यांपासून रक्तजल तयार करणाऱ्या संस्था या जिल्ह्यात परस्परांपासून फार दूर नाहीत.

पार्श्वभूमी : घोड्यांची निगा हा भारतात जुना शास्त्रविषय आहे. शालिहोत्र हा अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य मानला जातो व त्याच्या नावावरून या शास्त्रासच ‘शालिहोत्र’ म्हणण्याची प्रथा पडली. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टे काटक म्हणून प्रसिद्ध होती व मराठ्यांच्या घोडदळात त्यांना मोठे स्थान होते. या घोडदळात शिलेदार स्वतःचा घोडा बाळगी, तर बारगिरास सरकारी पागेतून घोडा मिळे. घोडा कोणाच्या मालकीचा यावर त्याच्या चंदी-वैरणीची जबाबदारी ठरत असे. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र या दृष्टीने उल्लेखनीय आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व वैरण बेपर्वाईने आधीच संपविल्यास पुढे घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, अशा आशयाची ताकीद त्यात आहे. जनावराच्या हालअपेष्टांना त्याचा सांभाळ करणारा जबाबदार असतो, हे तत्त्व त्यात स्पष्टपणे मांडलेले दिसते.

आधुनिक शर्यती इंग्रजांबरोबर आल्या. मुंबईत अठराव्या शतकाच्या अखेरीस भायखळा भागात त्या सुरू झाल्या. प्रारंभी इराणच्या आखातातून मुंबई बंदरात उतरणारे अरबी घोडे त्यांत धावत. पुण्याचे मैदान १८३० च्या सुमारास लष्कराच्या जमिनीवर तयार झाले, तर महालक्ष्मीचे १८८३ मध्ये. पावसाळ्यात मुंबईचा गव्हर्नर पुण्यास मुक्काम करीत असल्याने पुण्याचा हंगाम पावसाळ्यात आणि मुंबईचा हिवाळ्यात अशी वाटणी झाली व ती पुढेही टिकली. १९१२ च्या मुंबई शर्यतमैदान परवाना अधिनियमाने शर्यतींना परवान्याच्या चौकटीत आणले. १९२५ मध्ये वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब स्थापन झाला व १९३५ मध्ये त्याच्या नावामागे ‘रॉयल’ ही उपाधी लागली. इंडियन डर्बी ही प्रतिष्ठेची शर्यत १९४३ पासून सुरू झाली.

शर्यतींबरोबरच प्राण्यांविषयीच्या दयाबुद्धीलाही याच शहरात संस्थात्मक रूप आले. मुंबईचा पांजरपोळ १८३४ मध्ये सर जमशेटजी जिजीभाई व शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने निघाला. प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्था १८७४ मध्ये स्थापन झाली, पुढे परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे पशुरुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये तेथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पांजरपोळाच्या कल्पनेत निरुपयोगी झालेल्या जनावरासही आमरण आश्रय देणे अभिप्रेत आहे. प्राणिक्रौर्य प्रतिबंधाचा कायदा हा प्रत्यक्ष छळ थांबविण्यापुरता आहे. शर्यतीच्या घोड्याच्या बाबतीत या दोन विचारांतील अंतर आजतागायत पूर्णपणे मिटलेले नाही.

पैदास व बालवय : शर्यतीचा घोडा ‘थरोब्रेड’ या जातीचा असतो. इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत आयात झालेल्या बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन व गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपर्यंत या जातीच्या सर्व घोड्यांची पितृपरंपरा पोहोचते. इंग्लंडमधील वंशनोंदवही १७९१ पासून आहे. भारतीय वंशनोंदवहीचे काम रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या आधिपत्याखाली पुण्याहून चालते. शिंगराचे मातापितृत्व आनुवंशिक चाचणीने पडताळले जाते. कृत्रिम रेतनास या जातीत मान्यता नाही.

स्वातंत्र्यानंतर परदेशी घोड्यांच्या आयातीवर निर्बंध आल्याने देशी पैदाशीस महत्त्व आले. पुण्याजवळ हडपसर येथील पूनावाला यांचे केंद्र १९४६ मध्ये सुरू झाले. मांजरी, येरवडा व तळेगावजवळील नाणोली येथील केंद्रेही नावारूपास आली. या भागाची निवड होण्यात हवामानाचा वाटा मोठा आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्याजवळ पाऊस अतिशय पडतो. तेथून पूर्वेकडे येताना तो झपाट्याने घटतो. सतत चिखलात राहिल्याने घोड्याच्या खुराचा तळवा कुजतो, तर कोरड्या व टणक कुरणात मनसोक्त धावल्याने शिंगरांची हाडे व स्नायुबंध बळकट होतात.

घोडी सु. ११ महिने गाभण राहते. शिंगरू पाच-सहा महिन्यांचे झाले, की आईपासून तोडतात. ही ताटातूट एकाएकी झाल्यास ते खाणे सोडते व कुंपणालगत येरझाऱ्या घालीत राहते. म्हणून जाणती केंद्रे शिंगरे कळपात ठेवून घोड्या एकेक करून बाजूस काढतात. शर्यतीच्या नियमांप्रमाणे सर्व घोड्यांचे वय १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे मे महिन्यात जन्मलेले शिंगरू कागदोपत्री जानेवारीत जन्मलेल्याच्या बरोबरीचे ठरते व त्याला स्वतःपेक्षा चार महिन्यांनी मोठ्या प्रतिस्पर्ध्याबरोबर धावावे लागते. गुडघ्याजवळच्या हाडांची वाढ दोन ते अडीच वर्षांपर्यंत पूर्ण होत नाही. कोवळ्या वयात एकदम कष्ट दिल्यास नडगीचे हाड सुजते. मात्र या वयात अजिबात न पळविणेही हितकारक नसते, कारण मर्यादित ताणानेच हाड घट्ट होते. म्हणून वयाचा आकडा न पाहता प्रत्येक शिंगराची वाढ पाहून त्याचे शिक्षण ठरविणे हे पशुवैद्यकाचे मत आहे.

तबेल्यातील जीवन : मोकळ्या रानात घोडा दिवसातील बहुतेक वेळ चरण्यात घालवतो व कळपाने राहतो. शर्यतीच्या तबेल्यात तो पहाटेची रपेट व संध्याकाळचा फेरफटका वगळता जवळजवळ पूर्ण दिवस एकट्याने खोलीत उभा असतो. त्याला ओट व इतर धान्याची भरपूर चंदी मिळते, पण वैरण तुलनेने कमी. घोड्याच्या जठरात आम्ल सतत स्रवत असल्याने पोट फार वेळ रिकामे राहिले, की जठरात व्रण होतात. शिक्षण घेणाऱ्या बहुसंख्य घोड्यांत असे व्रण आढळतात. पोटशूळ हा तर घोड्याच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक होय. कंटाळलेला घोडा दाराची कड चावून हवा गिळू लागतो किंवा दारापाशी उभा राहून अखंड झुलतो. या सवयींना पूर्वी खोड समजून गळ्यात पट्टा आवळीत. आता त्या कोंडलेपणाची लक्षणे मानल्या जातात. वैरण थोडीथोडी पण वारंवार देणे, शेजारचा घोडा दिसेल अशी खिडकी ठेवणे व दिवसातून काही वेळ मोकळ्या वाड्यात सोडणे हे उपाय अल्पखर्चाचे व परिणामकारक आहेत.

घोड्याच्या सुखदुःखाचा पहिला साक्षीदार मोतद्दार असतो. खरारा करताना पायाला जाणवणारी ऊब, सकाळी उरलेली चंदी, बदललेली लीद या खुणा त्याला वैद्याच्या आधी कळतात. मोतद्दार व नालबंद यांचे वेतन, शिक्षण व स्थैर्य हा म्हणूनच अश्वकल्याणाचाच भाग ठरतो. हंगाम बदलताना घोड्यांना मुंबई-पुणे असा सु. १५० किमी. चा प्रवास घाट चढून-उतरून करावा लागतो. जनावरांच्या वाहतुकीसाठी १९७८ मध्ये केंद्र शासनाने केलेल्या नियमांत घोड्यांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत.

धाव व दुखापत : सु. ४५० ते ५०० किग्रॅ. वजनाचा घोडा ताशी ६० किमी. च्या आसपास वेगाने धावतो, तेव्हा एका पावलाच्या क्षणी त्याचा सर्व भार एकाच पायावर येतो. पुढच्या पायाच्या मागील बाजूचा कंडरा तुटणे, घोट्याजवळची हाडे मोडणे व अतिश्रमाने फुप्फुसांत रक्तस्राव होणे या नेहमीच्या दुखापती होत. हाड एकाएकी मोडल्यासारखे दिसले, तरी पुष्कळदा त्यात आधीपासून सूक्ष्म चिरा असतात. क्ष-किरण, श्राव्यातीत तपासणी यांसारख्या साधनांनी त्या वेळीच ओळखणे आणि शर्यतीपूर्वी प्रत्येक घोड्याची पशुवैद्याकडून तपासणी होणे यांवर प्रतिबंधाचा भर असतो. पुण्याचा हंगाम पावसाळी असल्याने धावपट्टीची ओल महत्त्वाची ठरते. ती पेनेट्रोमीटर या उपकरणाने मोजून शर्यतीपूर्वी जाहीर करतात. अतिशय निसरड्या पट्टीवर घोडा घसरतो, तर अतिशय कडक पट्टीवर त्याच्या सांध्यांना हादरे बसतात.

मोडलेला पाय बरा करणे घोड्यात कठीण असते; कारण त्याला दीर्घकाळ निजवून ठेवता येत नाही व उरलेल्या पायांवर जादा भार पडून त्यांचे खूर सुजतात. अशा वेळी वेदनारहित मृत्यू देणे हाच कधीकधी एकमेव दयाळू उपाय उरतो. १९६० च्या अधिनियमाच्या तेराव्या कलमात त्याची तरतूद आहे.

उत्तेजक व वेदनाशामक औषधांचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. वेदना दडपून धावविलेल्या घोड्याला स्वतःच्या दुखापतीची सूचना मिळत नाही आणि बारीक चिरेचे रूपांतर मोठ्या अस्थिभंगात होते. रक्त व मूत्र यांच्या चाचण्या मुळात पैजेची सचोटी राखण्यासाठी सुरू झाल्या, परंतु त्यांचा लाभ घोड्यासही होतो. संसर्गजन्य रोगांबाबत सावधगिरी तितकीच आवश्यक असते. ग्लँडर्स हा माणसासही होणारा जुनाट रोग २००६ मध्ये पुणे व पाचगणी भागांतील घोड्यांत पुन्हा आढळला. शर्यतीचे तबेले आणि टांग्याची वा पर्यटकांची घोडी यांच्या आरोग्याचा विचार वेगवेगळा करता येत नाही, हे त्यातून दिसून आले.

कायदा : ग्रेट ब्रिटनमध्ये १९६५ मध्ये ब्रॅम्बेल समितीने पाळीव जनावरांच्या राहणीविषयी अहवाल दिला व त्यातून पुढे भूक-तहान, अस्वास्थ्य, वेदना व रोग, भय आणि स्वाभाविक वर्तनावरील बंधने या पाच गोष्टींपासून मुक्ततेचे तत्त्व विकसित झाले. भारतात त्याआधीच, १९६० मध्ये, प्राणिक्रौर्य प्रतिबंधक अधिनियम झाला. त्याच्या तिसऱ्या कलमाने प्राण्याचा सांभाळ करणाऱ्यावर त्याच्या कल्याणाचे कर्तव्य टाकले. अकराव्या कलमाने प्राण्यास अन्नपाणी न देणे व त्याची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला सोडून देणे हे गुन्हे ठरविले. परंतु पहिल्या अपराधास १० ते ५० रुपये एवढाच दंड त्यात आहे. उमद्या घोड्याची किंमत लक्षात घेता या दंडाचा धाक नगण्य होय.

२००१ च्या खेळ करणाऱ्या प्राण्यांविषयीच्या नियमांत प्रेक्षकांसाठी होणाऱ्या अश्वक्रीडांचा समावेश झाला. त्यानुसार शर्यतीत केवळ आघात शोषणारा गादीयुक्त चाबूक वापरता येतो व एका शर्यतीत तो तीनपेक्षा अधिक वेळा मारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन् खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. हा प्रश्न मात्र पैजेचा होता, घोड्याचा नव्हे. २०१४ मध्ये ए. नागराज खटल्यात याच न्यायालयाने उपर्युक्त पाच मुक्ततांना भारतीय कायद्यातील प्राण्यांच्या हक्कांचा आधार मानले. बैलांच्या शर्यतींना अनुमती देणाऱ्या राज्यांच्या दुरुस्त्या २०२३ मध्ये वैध ठरल्या, तरी प्राण्याचे कल्याण हा न्यायालयीन विचाराचा विषय म्हणून कायम राहिला.

निवृत्तीनंतर : धावणे थांबलेल्या घोड्यांपैकी उत्तम वंशाच्या घोड्या व मोजके नर पैदाशीसाठी परत जातात. शांत स्वभावाचे काही घोडे घोडेस्वारीच्या शाळांत व क्लबांत नव्याने शिकविले जातात. महालक्ष्मी येथील अमॅच्युअर रायडर्स क्लब हे त्याचे ठळक उदाहरण. वेगाने सुटण्यास शिकविलेल्या घोड्याला संथ चालणे, थांबणे व नवख्या स्वाराला सहन करणे पुन्हा शिकवावे लागते आणि त्यास काही महिने लागतात. ज्यांना हे शिक्षण मिळत नाही, असे काही घोडे हस्ते परहस्ते वरातीच्या, टांग्याच्या किंवा गिरिस्थानांवरील पर्यटकांच्या सेवेत जातात. पातळ कातडीचा, नाजूक खुराचा व भरपूर चंदीला सरावलेला हा घोडा डांबरी रस्त्यावरील कष्ट व निकृष्ट वैरण यांत लवकर खंगतो.

मुंबई उच्च न्यायालयाने ८ जून २०१५ रोजी मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवून त्या एका वर्षात बंद करण्याचा व त्यांवर उपजीविका असलेल्या कुटुंबांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. घोड्याचे हित व त्याच्यावर पोट भरणाऱ्या गरीब माणसाचे हित यांचा विचार एकत्रच करावा लागतो, हे या निर्णयाने अधोरेखित केले.

निवृत्तीचा आणखी एक मार्ग रक्तजलाचा आहे. परळच्या हाफकीन संस्थेत सर्पविषावरील व धनुर्वातावरील रक्तजल घोड्यांपासून तयार होत असे. प्रतिविषासाठी नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचे विष घोड्यास अत्यल्प व क्रमाने वाढत्या मात्रांत टोचतात. त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झाली, की ठराविक अंतराने रक्त काढून त्यातील रक्तद्रव वेगळा करतात. तांबड्या पेशी पुन्हा घोड्याच्या शरीरात सोडण्याची पद्धतही आहे. प्रौढ घोड्याच्या शरीरात सु. ४० लिटर रक्त असल्याने या कामासाठी हा प्राणी सोयीचा ठरला. पूनावाला यांच्या पैदास केंद्रातील निवृत्त घोडे पूर्वी हाफकीन संस्थेस दिले जात. हे रक्तजल पुण्यातच का तयार करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. लस उत्पादनात पुढे जगभर नाव मिळविणाऱ्या या संस्थेचे मूळ अशा रीतीने शर्यतीच्या निवृत्त घोड्यात आहे.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सु. ५८,००० माणसे मरण पावली, असा अंदाज आहे. त्यांत ग्रामीण शेतकरी व मजूर बहुसंख्य होते. म्हणून या घोड्याची सेवा क्षुल्लक नव्हे. परंतु वारंवार विष टोचल्याने गळवे, रक्तक्षय व यकृताचे विकार संभवतात. रक्त काढण्याचे प्रमाण, दोन वेळांमधील विश्रांती, टोचण्याच्या जागेची स्वच्छता आणि सेवेची कालमर्यादा यांवर घोड्याचे हाल किंवा सुस्थिती ठरते. प्राण्यांवरील प्रयोगांच्या नियंत्रणासाठी १९९८ मध्ये केलेले नियम व त्यांखालील समितीची देखरेख या क्षेत्रास महत्त्वाची आहे. घोड्याविना प्रतिपिंडे तयार करण्याचे संशोधनही सुरू आहे.

जमीन व खर्च : पाच-सहा वर्षांच्या निवृत्त घोड्यास पुढे वीस वर्षे चरण्यास जागा, वैरण, नालबंदी, दातांची घासणी व औषधपाणी लागते, त्यापासून उत्पन्न मात्र काही नसते. पुण्याभोवतीच्या जमिनीच्या वाढत्या किंमतींनी ही अडचण तीव्र केली आहे. मुळशी तालुक्यातील हिंजवडी येथे विसाव्या शतकाच्या अखेरीपासून माहिती-तंत्रज्ञान उद्योगांची वसाहत उभी राहिली व भातखाचरे आणि गायराने यांच्या जागी इमारती आल्या. पूर्वेकडे हडपसर-मांजरी भागातही हाच क्रम घडला. मुंबईत महालक्ष्मीच्या सु. २११ एकर जागेपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महानगरपालिकेकडे देण्याचे व ९१ एकर क्लबकडे ठेवण्याचे २०२४ मध्ये ठरले. दोन्ही शहरांत घोड्यास लागणारी मोकळी जागा अशा रीतीने आक्रसत आहे. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीने शर्यती थांबल्या, तेव्हा उत्पन्न बंद झाले, पण चंदी-वैरण एक दिवसही थांबविता येत नव्हती. घोड्यांचा निर्वाह पैजेच्या उत्पन्नावर किती अवलंबून आहे, ते त्या काळात दिसले.

परदेशांतील प्रयत्न : १९८६ च्या केंटकी डर्बीचा विजेता फर्डिनंड हा पैदाशीसाठी जपानला विकला गेला व तेथे २००२ मध्ये त्याची कत्तल झाली. ही गोष्ट पुढील वर्षी उघडकीस येताच अमेरिकेत मोठा क्षोभ झाला. नामांकित विजेत्याची ही गत, तर सामान्य घोड्याचे काय, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. अमेरिकेत २०१२ मध्ये निवृत्त घोड्यांच्या आश्रयस्थानांची पाहणी करून त्यांना मान्यता व साहाय्य देणारी संघटना निघाली. ब्रिटनमध्ये घोड्यांच्या पुनर्शिक्षणासाठी २००० पासून स्वतंत्र संस्था आहे, तर २०२० मध्ये तेथील अश्वकल्याण मंडळाने जन्मापासून मृत्यूपर्यंत प्रत्येक घोड्याचा माग राहावा, या तत्त्वावर आधारित कार्यक्रम प्रसिद्ध केला. २०१६ पासून या कार्यासाठी एक आंतरराष्ट्रीय मंचही आहे. या सर्वांमागील सूत्र एकच आहे : घोड्यापासून ज्यांना लाभ झाला, त्या मालक, पैदासकार, प्रशिक्षक, क्लब व पैज लावणारे यांनी त्याच्या उत्तरायुष्याचा भार वाटून घ्यावा.

मूल्यमापन : भारतीय वंशनोंदवहीचा मूळ हेतू वंशशुद्धी राखणे हा आहे. त्यामुळे शर्यत व पैदास या दोहोंतून बाहेर पडलेला घोडा तिच्या कक्षेबाहेर जातो. ज्याच्या आईबापांची नावे कित्येक पिढ्यांपर्यंत लिहिलेली असतात, त्याचा शेवट कोठे झाला हे पुष्कळदा कोणासच ठाऊक नसते. ओळख पटविण्याची साधने उपलब्ध असल्याने मालकी बदलताना व मृत्यूसमयी नोंद करण्याचे बंधन घालणे अवघड नाही. बक्षिसाच्या रकमेतून व घोड्याच्या विक्रीतून अल्प अंश बाजूस काढून निवृत्तिनिधी उभारणे, आश्रयस्थानांची नियमित तपासणी करणे आणि १९६० च्या अधिनियमातील दंड वाढविणे हे उपायही सुचविले जातात. चिपळूणच्या छावणीस दिलेल्या ताकिदीतील तत्त्व यांतही तेच आहे. घोडा उपयोगी असताना त्याची निगा राखणे मालकाच्या हिताचे असते व त्यासाठी कायद्याची फारशी गरज लागत नाही. त्याचा उपयोग संपल्यानंतर मात्र नियमांचे व निधीचे पाठबळ आवश्यक ठरते.